वाणाची पाकिटं

यंदा संक्रांतीचं वाण म्हणून व्हाउचर द्यायचं नूपुरने ठरवलं, त्याला कारण झाली एक चहाची गाळणी. तीन वर्षांपूर्वी कोलकात्यात आल्या आल्या तिने हौसेने पहिलं हळदीकुंकू केलं होतं आणि चोवीस बायकांना स्टीलच्या गाळण्या लुटल्या होत्या. त्यातलीच एक, दांड्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीसकट, गेल्या वर्षी दुसऱ्या घरचं वाण म्हणून तिच्याकडे परत आली. देणारीने गोड हसून दिली, हिने गोड हसून घेतली. या शहरात मराठी घरं मोजकी, वाण फिरून फिरून जाणार तरी कुठे! पण नूपुरला ते लागलं. आपण प्रेमाने दिलेली वस्तू कुणालाच नको होती, हे कळल्यावर वाईट वाटायचंच.

व्हाउचर काही कुणी असं फिरवणार नाही, असा तिचा हिशोब. शिवाय व्हाउचरमधलं आपल्याला कळतं, असं तिला मनापासून वाटायचं. अनीशला कंपनीने इथे पाठवलं तेव्हा ती नाशिकची शाळेतली नोकरी सोडून न्यू टाउनच्या अकराव्या मजल्यावर येऊन बसली. हातात फोन आणि समोर लांबलचक दुपार. त्या दुपारींनी तिला ऑनलाइन व्हाउचरांचा नाद लावला. 'नाद' हा शब्द अनीशचा. ती त्याला संसाराला हातभार म्हणायची.

सुरुवातीला नशीब जोरावर होतं. निम्म्या किमतीत सिनेमा झाला, एकावर एक पिझ्झा झाला, अनीशला ऑफिसचे बूट मिळाले. मग ठेचा लागायला लागल्या. मालिशचं एक व्हाउचर फक्त बुधवारी अकरा ते एक चालायचं. एका मोठ्या हॉटेलातल्या जेवणाच्या व्हाउचरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सणासुदीला चालणार नाही. हे दोघं दुर्गापूजेच्या अष्टमीला नटूनथटून तिथे पोचले आणि रस्त्यावर अंड्याचा रोल खाऊन परत आले. चष्म्याच्या दुकानाचं व्हाउचर वर्षभर पडून राहिलं आणि वाया गेलं, कारण घरात चष्मा कुणालाच नव्हता. दर वेळी ती कानाला खडा लावायची, आणि आठवड्याभरात बोट पुन्हा फोनवर सरकायला लागायचं. एकूण फायद्यात आहोत की तोट्यात, हे अनीशने एकदा विचारून पाहिलं होतं. त्या दिवशी भाजी खारट झाली होती.

'सौदावाडी' नावाच्या साइटवर लोक आपली न वापरलेली व्हाउचर कमी भावात विकायचे. डिसेंबर संपता संपता तिथे तिला 'गृहसाज'ची व्हाउचर एकगठ्ठा दिसली. गृहसाज म्हणजे न्यू टाउनच्या मॉलमधलं भांड्यांचं, चादरींचं, पडद्यांचं मोठं चकचकीत दुकान. पाचशेचं व्हाउचर तीनशे चाळीसला. विकणाऱ्याच्या नावापुढे खात्रीची हिरवी खूण होती. नूपुरने पंचवीस घेतली. चोवीस बायकांची, आणि एक देवीचं. तिच्या माहेरी पहिलं वाण देवापुढे ठेवायची पद्धत होती. देवीला पडदे घ्यायचे आहेत का, असं अनीशने विचारलं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

व्हाउचर म्हणजे नुसते सोळा आकडी कोड. वाण असं फोनवर कसं पाठवायचं? म्हणून तिने ते जाड कागदावर छापून घेतले, एकेक कार्ड हळदी रंगाच्या पाकिटात घातलं आणि पाकिटं परातीत रचून ठेवली. कोणतं पाकीट कुणाला, हे काही तिने लिहून ठेवलं नाही. वाणाच्या पाकिटावर कोण नंबर घालतं? चांगल्या घरची बाई जे करते तेच तिने केलं, आणि तिथेच ती फसली.

रविवारी हळदीकुंकू झकास झालं. डमडमच्या विजयाताई आल्या. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि इथल्या मराठी बायकांत कुणाचं काय चुकलं हे शेवटी त्या ठरवत. त्यांनी पाकीट उघडून पाहिलं, भुवया वर नेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की नूपुरने यंदा सगळ्यांना मागे टाकलं. नूपुरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. किती टक्के सवलतीत मिळालं, ते ती अर्थातच बोलली नाही.

सगळ्यांत उशिरा आल्या कालिंदीकाकू. त्या बजबजहून यायच्या. आधी लोकलने सियालदा, मग बस, सव्वादोन तासांचा प्रवास. त्यांचे यजमान श्यामकांत चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या तेलाच्या डेपोत नोकरीला आले, निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. मुलं-बाळं नाहीत, मराठी शेजार नाही. वर्षातून चार-पाच कार्यांना काकू शहरात यायच्या आणि त्या दिवशी भरभरून बोलून घ्यायच्या. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि हे घेऊन नेमकं करायचं काय, ते विचारलं. नूपुरने समजावलं, काउंटरवर द्यायचं, पाचशेपर्यंत हवं ते घ्यायचं, कुणी काही विचारत नाही. काकूंना हे 'कुणी काही विचारत नाही' फार आवडलेलं दिसलं. स्वतःच्या मर्जीने अशा दुकानात आपण कधी गेलोच नाही, असं त्या म्हणाल्या आणि पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

मंगळवारी नूपुर देवीचं पाकीट घेऊन गृहसाजमध्ये गेली. दुधाचं पातेलं घ्यायचं होतं. काउंटरवरच्या मुलीने कोड घातला, पुन्हा घातला आणि हे कार्ड आधीच वापरलेलं आहे असं सांगितलं. नूपुर हसलीच. हे सकाळपर्यंत देव्हाऱ्यात होतं, असं ती हिंदीत म्हणाली. मुलीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मागे रांग वाढत होती. नूपुरने पातेल्याचे पैसे भरले, बाहेर येऊन एका बाकावर बसली, आणि मग तिच्या डोक्यात आलं. एक बाद असेल तर बाकीच्या चोवीसचं काय?

घरी येऊन तिने फोनमधली कोडची यादी काढली आणि दुकानाच्या साइटवर एकेक घालून पाहिला. पंधरांवर पाचशे शिल्लक होते. नऊ कोडांपुढे शून्य. पण शून्य म्हणजे काय? बाईने खरेदी केली म्हणून शून्य, की मुळातच कुणीतरी वापरून मग विकलेलं म्हणून शून्य? साइट ते सांगत नव्हती. रविवारी वाटलेली नऊ कार्डं मंगळवारपर्यंत वापरून झाली असतील, हे तिला पटेना. आणि ती नऊ कुणाच्या पर्समध्ये आहेत, हे तर तिलाही ठाऊक नव्हतं. तिने सौदावाडीवर त्या विक्रेत्याचं पान उघडलं. हिरव्या खुणेसकट विक्रेता गायब होता.

तिने तक्रार नोंदवली. बहात्तर तासांत उत्तर मिळेल, असा निरोप आला. या बहात्तर तासांचा तिला केवढा आधार वाटला! पैसे परत आले की नऊ नवी व्हाउचर घ्यायची, कुणाचं बाद निघालंच तर हळूच बदलून द्यायचं, बोभाटा होण्याचं कारणच नाही. तोपर्यंत कुणी दुकानात गेलं तर काय, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पडला, आणि तिने तो बाजूला सारला. एवढ्यात कोण जातंय!

अनीशला तिने संध्याकाळी सांगितलं. तो सरळ माणूस. मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाक, विषय संपव, असं तो म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला! ग्रुपवर लिहायचं म्हणजे वाण सवलतीत घेतलं हे सांगायचं, कुठल्याशा साइटवरून कुणा अनोळखी माणसाकडून घेतलं हेही सांगायचं, आणि मग विजयाताईंच्या भुवया पुन्हा वर जाताना पाहायच्या. तरी तिने बुधवारी निरोप लिहिला. 'काही तांत्रिक अडचणीमुळे' असा तो सुरू होत होता. वाचून तिलाच तो बँकेचा वाटला, पुसला. दुसरा फार रडका झाला. तिसऱ्यात तिने सगळा दोष दुकानावर ढकलला होता, तो वाचताना तिची तिलाच लाज वाटली. चौथा बरा होता. तो पाठवायला अंगठा उचलला आणि तेवढ्यात दारावर दूधवाला आला.

वाणाची आणखी एक पंचाईत असते. ते दिलं की संपलं. घेणारी कधी म्हणत नाही की तुमचं वाण चाललं नाही हो, मग गाळणीची जाळी फाटकी का निघेना. म्हणजे कुणाचं कार्ड बाद निघालंच, तरी ती नूपुरला सांगणार नव्हती. दुसऱ्या चौघींना सांगणार होती. ग्रुपवर कुणी साधं 'सुप्रभात' टाकलं तरी नूपुर हातातलं काम टाकून फोन उघडायची.

गुरुवारी तिने विजयाताईंना फोन केला, निमित्त रथसप्तमीचं. त्यांनी आपणहूनच सांगितलं की सोमवारी जाऊन उशांचे अभ्रे आणले, छान मिळाले. चला, नऊपैकी एक शून्य सुटलं. नूपुरने सानिकाला लावला. सानिका अनीशच्याच ऑफिसात होती. तिचं पाकीट अजून गाडीत पडलेलं होतं. त्यानंतर आभा, मग अनुराधा. प्रत्येकीकडे नवं निमित्त काढायचं, आवाज हलका ठेवायचा, आणि बोलता बोलता सहज विचारल्यासारखं विचारायचं. पाचव्या फोननंतर तिचं डोकं भणभणायला लागलं. यादीत कालिंदीकाकूंचं नाव खाली होतं. काकूंचा फोन म्हणजे अर्धा तास गेलाच, आणि त्या काही उठून सव्वादोन तास प्रवास करून इतक्यात येत नाहीत. नूपुरने फोन ठेवला आणि चहा टाकला.

शुक्रवारी सरस्वतीपूजा होती. सोसायटीत मंडप, पिवळ्या साड्यांत मुली, खिचुरीचा दरवळ. नूपुर वाढायला उभी होती आणि दर दहा मिनिटांनी कमरेचा फोन काढून पाहत होती. बारा वाजून वीस मिनिटांनी बहात्तर तास संपले. बरोबर त्याच वेळी उत्तरही आलं, त्या बाबतीत साइट वक्तशीर निघाली. खरेदीपासून सात दिवसांच्या आत तक्रार न केल्याने आपलं प्रकरण बंद करण्यात येत आहे. नूपुरच्या हातातल्या डावातून खिचडी एका आजोबांच्या पानाबाहेर सांडली. आज सण आहे, आज नको, उद्या लिहू, असं तिने ठरवलं. ठरवल्यावर तिला जरा बरंही वाटलं.

शनिवारी लिहिण्याआधी ती गृहसाजमध्ये गेली. शून्य झालेले कोड कोणत्या तारखांना वापरले, एवढं दुकानाने सांगितलं असतं तर बाद कार्डं किती ते नक्की कळलं असतं. काउंटरवरून तिला आत मॅनेजरबाईंकडे पाठवलं. बाई बंगाली, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी यादी पाहिली आणि हे कोड कुठून आणले ते विचारलं. मग खणातून एक वही काढली. यातलंच एक कार्ड घेऊन काल एक म्हातारी बाई आली होती, त्या म्हणाल्या. सणाची गर्दी होती. अशी वापरलेली, चोरलेली कार्डं गेल्या महिन्यात बरीच आली, म्हणून वरून हुकूम आहे की घेऊन येणाऱ्याला थांबवायचं, चौकशी करायची, नाव लिहून घ्यायचं. बाईंना दीड तास बसवून ठेवावं लागलं. कार्ड कुणी दिलं, हे वीस वेळा विचारलं. घरच्या कार्यात मिळालं, एवढंच त्या म्हणत राहिल्या. पोलिसांचं नाव काढलं तरी देणाऱ्याचं नाव काही सांगितलं नाही.

मॅनेजरबाईंनी वही फिरवून पुढे केली. सही हिंदीत आहे, आम्हाला नीट वाचता आली नाही, असं त्या म्हणाल्या. ती हिंदी नव्हती. थरथरत्या, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सौ. कालिंदी श्यामकांत मोघे, बजबज.

नूपुरने ते नाव पुन्हा वाचलं. काकूंना इथे बसवून ठेवलं होतं. वीस वेळा विचारलं होतं. आणि आपण त्या वेळी खिचडी वाढत होतो. कार्ड आपण दिलं, हे तिने तिथल्या तिथे सांगितलं. आधारकार्ड दाखवलं, आपलं नाव लिहायला लावलं, आणि काकूंचं तेवढं खोडा म्हणून विनवलं. ते खोडता येत नाही, असं मॅनेजरबाई म्हणाल्या, वहीची प्रत वरच्या ऑफिसात जाते. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पाणी मागवलं आणि एवढंच विचारलं, की देण्याआधी तुम्ही तपासून का पाहिलं नाही.

मॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून नूपुरने ग्रुपवर लिहिलं. आता शब्द शोधावे लागले नाहीत. गृहसाजची काही कार्डं बाद आहेत, चूक माझी, मी ती एका साइटवरून स्वस्तात घेतली, कृपा करून कुणीही दुकानात नेऊ नका, मी प्रत्येकीला दुसरं वाण देईन. शेवटी लिहिलं, 'मला हे आजच कळलं.' आणि पाठवून दिलं.

पहिलं उत्तर विजयाताईंचं. अगं, होतं असं, मला पण एकदा साडीवाल्याने फसवलं. आभाने हसरा चेहरा टाकला. सानिकाने लिहिलं की तिने गाडी धुवायला दिली तेव्हा पाकीट हरवलंच. अनुराधाने तिळगुळाच्या वड्यांची कृती विचारली. दहा मिनिटांत विषय संपला आणि कुणीतरी रथसप्तमीच्या सूर्याचं चित्र टाकलं. ज्याला ती पाच दिवस भीत होती, ते एवढंसं निघालं. नूपुरला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

कालिंदीकाकू त्या ग्रुपवर नव्हत्या. फोन लावायला तिने दोनदा नंबर काढला आणि दोनदा परत ठेवला. हे फोनवर बोलायचं नव्हतं. अनीश बरोबर येतो म्हणाला, तिने नको म्हटलं.

रविवारी सकाळी ती सियालदाहून बजबजच्या लोकलमध्ये बसली. सुट्टीची गाडी, खिडकीही मिळाली. हाच रस्ता काकूंनी शुक्रवारी उलटा केला असेल, इस्त्रीची साडी नेसून, पर्सच्या आतल्या कप्प्यात ते पाकीट घेऊन. आणि परत येताना? परत येतानाचा विचार तिला करवेना. काय बोलायचं ते ती मनात घोळवत होती, आणि स्टेशनामागून स्टेशन जाई तसतसं त्यातलं एकेक वाक्य खोटं वाटायला लागत होतं.

काकूंचं घर नदीकडच्या गल्लीत, तळमजल्यावर. दारातल्या तुळशीपाशी गोवऱ्या धुमसत होत्या, रथसप्तमीचं दूध नुकतंच उतू गेलं होतं. नूपुरला दारात पाहून काकू क्षणभर थबकल्या. मग अगंबाई, तू कशी म्हणत त्यांनी तिला आत घेतलं. श्यामकांतकाका खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना फार आनंद झाला. एवढ्या लांब कुणी येत नाही, ते म्हणाले, आणि आल्या आल्या त्यांनी वाणाचाच विषय काढला.

"फार छान वाण दिलंस हो तू. हिने शुक्रवारी जाऊन तवा आणला त्याचा. काल धिरडी केली, एक चिकटलं नाही."

काकू आतून तवा घेऊन आल्या. काळा, जड, नवा कोरा. त्यांनी तो नूपुरपुढे धरला. दुकान केवढं मोठं, माणसं किती अदबीने वागली, असं त्या काकांकडे पाहत सांगत होत्या. अगदी खुर्ची देऊन बसवलं, त्या म्हणाल्या. नूपुरने तवा हातात घेतला, छान आहे म्हणाली आणि परत दिला.

पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली. काका डेपोतल्या जुन्या गोष्टी सांगत होते, काकू मधेमधे हसत होत्या, आणि नूपुर कप रिकामा झाला तरी हातात धरून बसली होती. शेवटी काका मासे आणायला उठले. उशीर झाला की चांगले संपतात, असं म्हणून पिशवी घेऊन गेले. फाटक वाजलं.

"काकू," नूपुर म्हणाली, "मी काल त्या दुकानात गेले होते. वही पाहिली."

काकूंनी आधी उठून दार लोटून घेतलं. मग समोर बसल्या आणि पदराच्या टोकाने टेबलावरचा चहाचा डाग पुसत राहिल्या. यांना काही सांगू नकोस, एवढं त्यांनी सगळ्यांत आधी सांगितलं. पैसे गेल्याचं यांना काही वाटणार नाही, पण मला तिथे बसवून ठेवलं हे ऐकून यांचं ब्लडप्रेशर चढेल. मग थोडं थोडं करून सगळं सांगितलं. कार्ड चाललं नाही, तेव्हा त्यांना वाटलं आपल्याकडूनच काही चुकलं. नंतर एक मुलगा आला, मग दुसरा, मग आतल्या बाई. ट्रॉल्या ठेवतात तिथे एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. येणारे-जाणारे पाहत होते. पर्स उघडून दाखवायला लावली. आत तिळगुळाची पुडी होती, ती पण उघडायला लावली. तवा तिथेच टाकून निघावं असं वाटलं, पण मग चोरच ठरलो असतो, म्हणून पैसे भरून घेतला. जवळचे बहुतेक पैसे त्यातच संपले. सियालदापर्यंत बसचं तिकीट काढता आलं, पुढे लोकलचं तिकीट एका बाईने काढून दिलं.

हे सगळं त्या सावकाश सांगत होत्या, कुठेही आवाज न चढवता. नूपुरला वाटत होतं की त्यांनी ओरडावं.

"माझं नाव का नाही सांगितलंत काकू? मला फोन करून बोलावलं असतं त्यांनी. मी समोरच राहते, दहा मिनिटांत आले असते."

"वाण होतं गं ते," काकू म्हणाल्या. "वाण देणारीचं नाव चौकशीत कसं घ्यायचं? आणि मला वाटलं, तुला बिचारीला काय ठाऊक."

नूपुरने मान खाली घातली. तिने माफी मागितली, आणि घोळवून आणलेलं सगळं विसरून साधं साधं बोलली. साइटबद्दल सांगितलं, सवलतीबद्दल सांगितलं, तव्याचे पैसे पुढे केले. काकूंनी पैसे परत तिच्या पर्समध्ये कोंबले. होतं असं, फसवणारे फसवतात, आपण काय करणार, असं म्हणत त्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सगळं मिटल्यासारखं झालं. आता उठावं, गाडीची वेळ झाली म्हणावं, असं नूपुरच्या मनात आलं.

तेवढ्यात काकूंनी, काही मनात न ठेवता, बाई बाईला विचारते तसं विचारलं,

"पण तुला कळलं कधी हे?"

आज, काल, नुकतंच. तिन्ही शब्द जिभेवर तयार होते. ग्रुपवर तेच लिहिलं होतं, तेवीस जणींनी ते वाचलं होतं आणि कुणाला शंकाही आली नव्हती. काकूंना तर कधीच आली नसती. त्या शेजारी बसून वाट पाहत होत्या, हात अजून तिच्या पाठीवर होता.

"मंगळवारी," नूपुर म्हणाली.

काकूंच्या डोळ्यांसमोरून मंगळवार, बुधवार, गुरुवार असे एकेक करून गेलेले नूपुरला दिसले. पाठीवरचा हात त्यांनी काढून घेतला. झटकून नाही, नुसता काढून मांडीवर ठेवला.

"गुरुवारी मी दिवसभर घरीच होते गं," त्या म्हणाल्या. "फोनही जवळच होता."

बाहेर काकांनी फाटक उघडलं आणि चांगले मासे मिळाले, नूपुरला जेवूनच पाठव, असं तिथूनच ओरडून सांगितलं. काकूंनी हो म्हटलं आणि त्या भात टाकायला आत गेल्या.